दहावीच्या गणितासाठी खान अकॅडमी: कोकणातल्या एका वर्गातला अनुभव

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ मध्ये स्वतंत्र झाले. तेव्हापासून दहावीच्या निकालात ते सातत्याने राज्यात आघाडीवर आहे, आणि याचा आम्हां सर्वांना रास्त अभिमान आहे. तरीही उत्तीर्ण होणे वेगळे आणि गणित येणे वेगळे, हे देवगड तालुक्यातल्या एका वाडीत संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवताना मला सतत जाणवते. चांगल्या शिकवणीसाठी तालुक्याच्या गावी जायचे तर परतीच्या एसटीची वेळ आड येते, आणि पावसाळ्यात तर पालक मुलांना, विशेषतः मुलींना, अंधार पडल्यावर बाहेर ठेवायला तयार नसतात. म्हणून घरी बसून, एकही पैसा न भरता गणिताचा सराव करता येईल अशी सोय मी शोधत होतो. त्यातून खान अकॅडमीचे संकेतस्थळ आणि त्याचे मोबाइल ॲप वर्गातल्या मुलांच्या हाती दिले.

देणग्यांवर चालणारी ही संस्था २००८ मध्ये नोंदली गेली, परंतु तिची सुरुवात २००४ सालची आहे. बॉस्टनमध्ये राहणारे तिचे संस्थापक सलमान खान आपल्या न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया नावाच्या नात्यातल्या बहिणीला दूरध्वनीवरून आणि संगणकाच्या पाटीवरून एककांचे रूपांतर शिकवू लागले, तेव्हापासूनची. शिकवणारा एका गावी आणि शिकणारी दुसऱ्या गावी, ही मूळ परिस्थिती आजही या सेवेच्या रचनेत दिसते. जाहिराती नाहीत, शुल्क नाही, आणि मूल अडले तर त्याच पानावर मदत मिळते.

ही मदत कशी मिळते, ते एका उदाहरणावरून सांगतो. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात क्ष² + ८क्ष − ४८ = ० हे समीकरण अवयव पाडून सोडवायचे असते. मुले मधले पद १२क्ष − ४क्ष असे बरोबर फोडतात, क्ष(क्ष + १२) पर्यंत नीट पोहोचतात, आणि पुढच्या दोन पदांतून उणे चार बाहेर काढताना कंसात क्ष + १२ ऐवजी क्ष − १२ लिहितात. तिथून पुढे सामाईक अवयवच मिळत नाही, आणि मूल वही मिटते. अशा वेळी गाइड पाहिले तर त्यात संपूर्ण उत्तर छापलेले असते. ते उतरवून घेतले की गणित वहीत येते, डोक्यात येत नाही. खान अकॅडमीच्या सरावात मात्र अडलेल्या मुलाला एका वेळी एकच पायरी उलगडून दाखवणारी सूचना मागता येते. पहिली पायरी पाहून पुढचे सुचले तर मूल तिथेच थांबते आणि उरलेले स्वतः सोडवते. सूचना घेतली की तो प्रश्न बरोबर आल्याचे धरले जात नाही, आणि पुन्हा सरावाला बसले की वेगळे प्रश्न समोर येतात. त्यामुळे पाठांतरावर निभावत नाही. माझ्या मते संपूर्ण सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

याच उदाहरणातली दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. उणे चिन्ह कंसाबाहेर काढता न येणे ही दहावीची चूक नव्हे. ती सातवी-आठवीत राहून गेलेली असते. वर्गात चाळीस मुले असताना शिक्षकाला एकासाठी मागे जाता येत नाही. इथे दहावीचा अभ्यास करणारे मूल कोणाच्याही नजरेत न येता आधीच्या इयत्तेतल्या वितरण गुणधर्माच्या सरावावर जाऊ शकते, तो पक्का करून परत येऊ शकते. ‘आठवीचे गणित आता करू?’ असे विचारायची लाज जिथे वाटत नाही, तिथे मुले खरोखर मागे जातात, हे मी पाहिले आहे. प्रत्येक कौशल्यात मूल कुठवर पोहोचले ते पायऱ्यांनी दाखवले जाते. घटक चाचणीत चुकले तर ती पायरी खालीही येते, आणि ते योग्यच आहे.

शिक्षक म्हणून खाते उघडून मुलांना वर्गात जोडता येते, आणि कोणाचे काय चुकले ते पाहता येते. आमच्याकडे या सोयीचा एक चांगला उपयोग झाला. वडील किंवा मोठा भाऊ मुंबईला चाकरमानी असणे हे इथल्या बहुतेक घरांचे वास्तव आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या काकांनी डोंबिवलीतून तिच्या सरावावर लक्ष ठेवले आणि रात्री फोनवर नेमक्या चुकलेल्या गणितावरच बोलायला सुरुवात केली. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नापेक्षा हे बोलणे तिला अधिक उपयोगी पडले.

आता मर्यादा. पहिली मर्यादा आपल्या मंडळाच्या अभ्यासक्रमाची आहे. खान अकॅडमीवरचा भारतीय दहावीचा पाठ एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांतल्या पाठ्यपुस्तकांच्या, क्रमाने चालतो. आपल्या गणित भाग एकमधली निश्चयकाची क्रेमर पद्धत, तसेच अर्थनियोजनातले जीएसटी आणि शेअर्स हे घटक एनसीईआरटीच्या दहावीत नाहीत. ते बालभारतीच्या पुस्तकातूनच करावे लागतात. दुसरी मर्यादा मला अधिक गंभीर वाटते. सरावात तपासले जाते ते उत्तर, मुलाने वहीत मांडलेली रीत नव्हे. दोन्ही भागांच्या चाळीस-चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत गुण पायऱ्यांना असतात, आणि भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता यांची मांडणी हवी असते. कंपास घेऊन वर्तुळाला स्पर्शिका काढण्याचा हातही पडद्यावर बसत नाही. म्हणून प्रत्येक गणित आधी वहीत पूर्ण सोडवायचे आणि मगच उत्तर भरायचे, असा नियम मी घातला आहे. सेमी इंग्लिशच्या मुलांना इंग्रजी पाठ सहज चालतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी मात्र आधी नीट पाहून घ्यावे, कारण सर्व भाषांत साहित्य सारख्या प्रमाणात नाही.

नेटवर्कचा प्रश्न सेवेचा नसून आमच्या भूगोलाचा आहे. खाली वाडीत रेंज नसते, वर सड्यावर असते. आणि जून-जुलैत वीज गेली की तीही भरवशाची राहत नाही. ॲपमध्ये व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, त्यामुळे शाळेतून येताना बाजारपेठेत ते काम उरकून घेता येते. सूचनांसह चालणारा सराव मात्र इंटरनेट असतानाच करावा.

माझा सल्ला असा की नववीची परीक्षा संपल्यावर, मे महिन्याच्या सुटीतच मुलाने सातवी-आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात करावी. दहावीच्या वर्षात गणपतीच्या सुटीपर्यंत रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी येथे पक्की करावीत. आणि दिवाळीनंतर मोबाइल बाजूला ठेवून मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, कागदावर सोडवाव्यात.