टेस्ट लावू का इंटरव्हल देऊ? दहा वावरांतल्या सोयाबीनचा हिशेब

माझी भाची शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. रावेसाठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मुक्कामाला होती. सोयाबीनची मळणी उरकल्यावर तिचा फोन आला. "मामाजी, टी-टेस्ट लावू का कॉन्फिडन्स इंटरव्हल देऊ? सरांना तर स्टार पायजेत." टी-टेस्ट म्हणजे दिसलेला फरक खरा का नुसता योगायोगाचा ते तपासणं, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरा फरक कितीपासून कितीपर्यंत असू शकतो तो पट्टा. स्टार म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची ती फुली, 'फरक लक्षणीय आहे' असं सांगणारी. मी तालुक्याच्या गावी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. प्रोजेक्टच्या दिवसांत हा प्रश्न दरसाल कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून तिला जे सांगितलं ते इथं लिहितो.

तिनं काम चांगलं केलं होतं. दहा शेतकऱ्यांची दहा वावरं घेतली. प्रत्येक वावरात अर्ध्यात जुनं जेएस-३३५ आणि अर्ध्यात नवं वाण, पेरणी एकाच दिवशी, मळणी आणि वजन वेगवेगळं. ही जोडी लावली हेच निम्मं यश. एक वावर काळं कसदार आणि शेजारचं मुरमाड असलं, तर जमिनीचाच फरक वाणाच्या फरकाला गिळून टाकतो. एकाच धुऱ्याच्या आत तुलना केली की ती भानगड उरत नाही.

नवं वजा जुनं, एकरी क्विंटलमध्ये (हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी आकडे थोडे गोल केलेत): १.२, -०.४, ०.९, ०.३, १.६, -०.२, ०.७, १.१, ०, ०.८. सरासरी ०.६. ही सरासरी किती मागेपुढे हलू शकते त्याचं माप, म्हणजे प्रमाणित त्रुटी किंवा स्टँडर्ड एरर, साधारण ०.२०७.

इथून दोन वाटा फुटतात. सामान मात्र दोन्हीकडे तेच लागतं.

टेस्टच्या वाटेनं गेलं तर आधी धरून चालायचं की दोन्ही वाणांत फरकच नाही. हे शून्य गृहीतक. मग ०.६ ला ०.२०७ नं भागायचं, टी येतो २.९. मुक्तांश (इथं वावरं वजा एक) ९ असताना पाच टक्क्यांची हद्द २.२६ आहे, आपण तिच्या पुढे गेलो. पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक नसताना योगायोगानं एवढा आकडा दिसण्याची शक्यता, ०.०२ च्या थोडी आत. गृहीतक फेटाळलं, स्टार मिळाला.

इंटरव्हलच्या वाटेनं तोच २.२६ घेऊन ०.२०७ नं गुणायचा, ०.४७ येतो. सरासरीतून तो एकदा वजा करायचा आणि एकदा मिळवायचा. ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल, ०.१३ ते १.०७ क्विंटल.

दोन्हींत भांडण नाही. अंतरालात शून्य नसेल तर पाच टक्क्यांची दुतर्फा (कमी आणि जास्त दोन्ही बाजू पाहणारी) टेस्ट शून्याला फेटाळणारच, आणि शून्य आत असेल तर फेटाळणार नाही. मग निवडायचं काय?

उत्तर गावातल्या एका काकांच्या प्रश्नात होतं. तिनं मोठ्या हौसेनं सांगितलं, "काका, फरक सिग्निफिकंट आहे." काका म्हणाले, "थे ठीक आहे वो बाई, पण थैलीचा जादा पैसा निघते का नाही, थे सांग."

बियाण्याच्या नव्या थैलीपायी एकरी १,६०० रुपये जादा जातात आणि सोयाबीनला ४,००० चा भाव मिळतो असं धरा. म्हणजे ०.४ क्विंटल जादा पिकलं तर कुठं बरोबरी. आता अंतराल बघा, ०.१३ ते १.०७. बरोबरीची रेघ त्याच्या पोटातच आहे. नवं वाण जास्त पिकतं याचा पुरावा चांगला आहे, पण ते परवडतं याचा पुरावा या दहा वावरांत नाही. स्टार पाहून हे कळलंच नसतं.

टेस्टची बाजू घेऊन एक सांगतो. यात चूक टेस्टची नाही, शून्याची आहे. 'फरक ०.४ आहे' हेच गृहीतक धरून टेस्ट लावली असती तर टी एकच्याही आत आला असता आणि टेस्टनं गपचूप सांगितलं असतं की फेटाळता येत नाही. पण पोरं सवयीनं शून्यच धरतात, सॉफ्टवेअरही तेच धरतं. अंतराल हाताशी असला की ज्याला जी रेघ ओढायची ती त्यानं नंतरही ओढावी. उद्या भाव ५,००० झाला तर रेघ ०.३२ वर येईल, हिशेब पुन्हा मांडायला नको.

वावरं कमी असली की टेस्ट याहून जास्त दगा देते. वरच्यातली पहिली चारच वावरं घ्या. सरासरी ०.५, टी १.४, आणि हद्द आता ३.१८ वर गेलेली. निकाल 'लक्षणीय नाही'. प्रोजेक्टच्या वहीत पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "दोन्ही वाणांत फरक नाही." हे वाचलं की माझा जीव खालीवर होतो. त्याच चार वावरांचा अंतराल -०.६३ ते १.६३ येतो. म्हणजे एकरी ६३ किलो घाटाही असू शकतो आणि १६३ किलो नफाही. याला 'फरक नाही' म्हणत नाहीत, 'कळलं नाही' म्हणतात.

टेस्ट कुठं शोभते तेही सांगतो. जिथं रेघ आधीच ठरलेली आहे आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं आहे तिथं. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हा नियम आहे. गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडले, गुंडाळी ओली ठेवली आणि ६४ उगवले, तर पी-व्हॅल्यू ०.१९ येते. तेवढ्यावरून लॉट ७० च्या खालीच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. ३०० दाण्यांत १९२ उगवले, म्हणजे टक्केवारी तीच ६४, तर पी-व्हॅल्यू ०.०२ वर येते आणि म्हणता येतं. लॉट पास का नापास हे ठरवणाऱ्याला एवढं पुरतं. पेरणाऱ्याला मात्र बियाणं एकरी किती वाढवायचं ते ठरवायचं असतं. त्याला ५९ ते ६९ हा अंतरालच कामाचा.

रेघेवरून पैसेवारी, म्हणजे गावच्या पिकाचा सरकारी अंदाज, आठवली. तेव्हा ५० पैशांच्या आत गाव बसलं तर दुष्काळी सवलती मिळायच्या, वर गेलं तर नाही. एका वर्षी आमच्या गावाची रेघेच्या जराशी वर निघाली आणि धुऱ्यापलीकडच्या गावाची जराशी खाली. दोन्ही शिवारांत पीक सारखंच करपलेलं. थोड्या प्लॉटांच्या कापणीवरून काढलेला तो आकडा, मागेपुढे किती हलू शकतो हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. रेघेला माझा विरोध नाही, सरकारला कुठंतरी ती ओढावीच लागते.

अर्थ लावताना दोन्हीकडे घसरायला होतं. पी-व्हॅल्यू ०.०२ म्हणजे 'गृहीतक खरं असण्याची शक्यता दोन टक्के' नव्हे. फरक खरोखर शून्य असता तर योगायोगानं इतका किंवा याहून मोठा आकडा दिसण्याची ती शक्यता. आणि ९५ टक्के हा ०.१३ ते १.०७ या एका अंतरालाचा गुण नाही, तो काढण्याच्या रीतीचा आहे. बाजार समितीतला काटा शंभरातून पंच्याण्णव वेळा बरोबर दाखवतो, हा काट्याचा गुण. आत्ता काट्यावर असलेलं तुमचं पोतं त्या पंच्याण्णवातलं का पाचातलं, हे काट्याला विचारून उपयोग नाही.

टेस्टची आणखी एक खोड. फरक मुळीच नसताना वीस वेगवेगळ्या टेस्ट लावल्या, तर एखादा तरी स्टार मिळण्याची शक्यता ६४ टक्के. पत्रकावर एकाच प्लॉटचा फोटो छापून टॉनिक विकणाऱ्याला विचारावं, "बाकीचे प्लॉट कुठं आहेत जी?"

या दोन्ही रीती शेतीशी जोडलेल्या आहेत. टी-टेस्ट १९०८ ची, डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत बार्लीचा हिशेब करणाऱ्या गॉसेटची. पाच टक्क्यांची हद्द रूढ केली फिशरनं, तो इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होता. ती हद्द सोयीची म्हणून धरली होती, वेदवाक्य म्हणून नाही. विश्वास अंतरालाची नीट मांडणी १९३७ ची, नेमनची. फिशर आणि नेमनचं आपसात पटलं नाही, पण आपल्या पुस्तकात दोघं एकाच धड्यात नांदतात. पीक कापणी प्रयोगांची पद्धत भारतात रुजवणारे पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडचे, लंडनमध्ये याच नेमनच्या हाताखाली शिकलेले.

भाचीला मी सांगितलं, पहिल्या रकान्यात सरासरी, दुसऱ्यात अंतराल, पी-व्हॅल्यू शेवटी बारीक अक्षरात, आणि सरांसाठी स्टार लाव. तिनं तसंच केलं. वर आलेखात ०.४ वर लाल रेघही ओढली. काकांनी तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि यंदा पाचापैकी दोनच एकरांत नवं पेरायचं ठरवलं.