जलपर्णी उपसायची सामग्री: दाताळी कमी घ्या, झोळ्या जास्त

तलाव साफ करायला जमलेला गट खरेदीला निघाला की आधी दाताळी घेतो. पंधरा माणसं, पंधरा दाताळी. तासाभरात काठावर ओला ढीग उभा राहतो, तो हलवायला हाताशी दोन घमेली असतात आणि सगळं काम तिथेच अडतं. दाट वाढलेली जलपर्णी चौरस मीटरला साधारण २० ते ४० किलो भरते. म्हणजे १० बाय १० मीटरचा तुकडा मोकळा केला तरी २ ते ४ टन माल बाहेर येतो. हे गणित डोक्यात ठेवूनच पुढच्या प्रत्येक वस्तूला गुण दिले आहेत.

दाताळं (५ पैकी ३). हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बागेतला पालापाचोळा ओढायचं. त्याचे पातळ दात पहिल्या दहा-बारा ओढींतच सरळ होतात. लोहाराकडून ८ मिमी गजाचं, सहा दातांचं, दात थोडे आत वळवलेलं करून घ्या. दांडा आठ फुटी भरीव बांबूचा. तो खिळ्याने ठोकला तर बांबू चिरतो, म्हणून आरपार भोक पाडून नट-बोल्ट लावा. मोडतं ते नेहमी मानेच्या वेल्डिंगला, कारण लोक दाताळ्याने ओढण्याऐवजी उचलतात. पाच माणसांमागे दोन दाताळी पुष्कळ झाली.

थर फार घट्ट असेल तर दाताळं नुसतं वरची पानं तोडतं आणि कंद पाण्यातच राहतो. तिथे आधी बांबूला बांधलेल्या विळ्याने थराचे दीड-दोन मीटरचे तुकडे पाडायचे, मग एकेक तुकडा दोराने काठाला ओढायचा. रोपं आडव्या धावत्या खोडांनी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तुकडा सहसा अखंड येतो.

फेकायचा गळ (५ पैकी २). ऑनलाइन मिळणारा, दोन्ही बाजूंना दात असलेला ॲल्युमिनियमचा. दिसायला झकास आणि महाग. सुट्या तरंगत्या पुंजक्यांना ठीक, घट्ट थरावर मात्र तो नुसता वरून घसरत येतो. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीवर तर वापरूच नका. पाण्याखाली तिचे तुकडे होतात आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा नवीन रोप होऊ शकतो. घ्यायचाच असेल तर सोबतचा नायलॉनचा दोर बदलून पॉलिप्रॉपिलीनचा १० मिमी दोर लावा. नायलॉन बुडतो आणि तळातल्या कचऱ्यात अडकतो, हा तरंगतो.

तरंगता अडसर (५ पैकी ५). कोल्हापूरकडच्या भाषेत सांगायचं तर केंदाळ (म्हणजे जलपर्णी) आज काढलं आणि वारा फिरला की उद्या तिथेच हजर. अडसर नसेल तर रविवारचं काम सोमवारी वाया. तयार अडसर महाग पडतो. घरी केलेला तितकाच चालतो. पॉलिप्रॉपिलीनच्या १२ मिमी दोरावर दर मीटरला एक २० लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन बांधा (खाद्यतेलाचा चालेल, रसायनाचा नको). खाली दीड फूट शेडनेटची झालर सोडा आणि तिच्या खालच्या कडेला बारीक साखळी ओवा. झालर नसेल तर पिल्लं (जलपर्णीची छोटी नवी रोपं) दोराखालून आरामात पलीकडे जातात.

कॅनऐवजी पाइप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: एचडीपीईच्या पाइपला सोल्व्हंट सिमेंट धरत नाही, टोकं गरम करूनच जोडून घ्यावी लागतात. पीव्हीसीला सिमेंट चालतं, पण तो उन्हात कडक होऊन तडकतो. आत पाणी शिरलं की अख्खी रांग बुडते.

अडसर वाऱ्याला काटकोनात लावू नका. तिरका लावला की थर घसरत काठाकडे येतो. आडवा लावला तर मागून रेटा वाढतो आणि झाडं कॅनवरून उड्या मारतात. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं, तसा दोर ढिला पडतो. आठवड्याला ताण तपासा. नदीच्या पात्रात मात्र पावसाळ्याआधी अडसर काढून घ्यायचा, पुरात तो टिकत नाही आणि खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतो.

झोळी (५ पैकी ५). सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. सहा बाय सहा फुटांचं जाड शेडनेट, चारही कोपऱ्यांना दोराचे फास, चार माणसं. ताडपत्री नको, तिच्यात पाणीच उचललं जातं. जलपर्णीच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. म्हणून काठावर मुळं वर करून दोन दिवस वाळवली की ट्रॉलीच्या खेपा निम्म्याहून कमी होतात. ढीग पूररेषेच्या वर आणि कोरड्या जमिनीवर हवा. ओल्या चिखलात टाकलेलं रोप पुन्हा मूळ धरतं. खत करायचं असेल तर तलावात सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येतं का ते आधी पाहा. मुळं जड धातू शोषून घेतात, त्यामुळे तसं खत भाजीपाल्याला घालू नये.

हातजाळी (५ पैकी ४). दाताळ्यातून निसटलेली बोटभर पिल्लं आणि पिस्टिया, साल्विनिया या छोट्या तरंगत्या वनस्पती टिपायला. हे काम कंटाळवाणं, म्हणून सगळे टाळतात आणि दोन महिन्यांत थर परत येतो. अनुकूल पाण्यात जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. फुलं येण्याआधीच उपसा: फुलोरा संपला की दांडा पाण्यात वाकतो, बी गाळात पडतं आणि तिथे वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

अंगावरचं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे हवेतच. सुती मोजे सांडपाणी धरून ठेवतात. हाताला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) भीती. गुडघ्यावर पाणी असेल तिथे गमबूट नकोत. ते भरले की पाय चिखलातून निघत नाही. छातीपर्यंतचा वेडर (बूट जोडलेला जलरोधक पोशाख) कमरेच्या पट्ट्याशिवाय घालू नये आणि लाइफ जॅकेटची मांडीखालची पट्टी खरोखर आवळावी. पवईसारख्या मगरी असलेल्या तलावात स्वयंसेवकांनी पाण्यात उतरायचंच नाही. जे काय ते काठावरून किंवा बोटीतून. थरात दिवड निघतोच. तो बिनविषारी, पण चिडला तर चावतो.

कापणी यंत्र भाड्याने मिळत असेल तर मधल्या खोल भागाला जरूर घ्या. काठालगतचा उथळ पट्टा, दगडांच्या सापटी आणि नाल्याचं तोंड त्याला जमत नाही, ते माणसांकडेच राहतं. नाल्यातून सांडपाणी येत राहिलं तर यंत्र आणि माणसं दोघंही दरवर्षी लागणार, हे वर्गणी काढतानाच सांगून टाका.

काम झाल्यावर झोळ्या, जाळ्या आणि अडसराची झालर त्याच काठावर झटकून, कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या तलावावर न्या. शेडनेटच्या विणीत अडकलेलं साल्विनियाचा एक बारीक तुकडा नव्या पाण्यात सुरुवात करायला पुरतो.