बाजारातल्या डाग काढायच्या पुडीपासून सावध

आठवडी बाजारात एक जण पांढऱ्या रुमालावर तपकिरी औषध टाकतो, रुमाल वाटीतल्या पाण्यात बुडवतो, अन् डाग डोळ्यांदेखत गायब. पन्नासची पुडी, दोन घेतल्या तर ऐंशी. लग्नसराईत बायांची झुंबड उडते. आमच्याकडं कित्येक घरी ही पुडी आली आणि हळदीच्या साड्या वाया गेल्या, म्हणून हे लिहितो.

ते तपकिरी औषध म्हणजे जखमेला लावायचं आयोडीन. वाटीत हायपो असतो, फोटो स्टुडिओत पूर्वी फिल्म धुवायला वापरायचे तोच. हायपोनं आयोडीन बिनरंगी होतं, बाकी हळद, तेल, गंज जागचे हलत नाहीत. घरी करून पाहा: चिंधीवर आयोडीनचा थेंब टाका, व्हिटॅमिन सीची गोळी दोन चमचे पाण्यात विरघळवून ओता. डाग जातो. तेच पाणी हळदीवर ओता, काही होत नाही. विकणाऱ्याला आपल्या पदरावरचा तेलकट डाग काढायला सांगा. 'रात्रभर भिजवा ताई' म्हणेल, अन् सकाळी तो दुसऱ्या गावच्या बाजारात.

पुडीत रंगकाट असेल तर नुकसान मोठं. ते कापडाचाच रंग खातं. गुलाबी लुगड्यावर बशीएवढा पांढरा चट्टा पडतो, तो भरून येत नाही. वरून 'उकळत्या पाण्यात टाका' सांगतात. रक्ताचा, दुधाचा डाग त्यानं शिजून धाग्यात बसतो. तिथं थंडच पाणी हवं.

हळदीला साबण लागला की डाग लाल होतो. बाया घाबरतात, आणखी पावडर घासतात, कापड झिजतं. ती लाली साबणातल्या खारामुळं. भरपूर पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळा होतो. दोनदा साबणानं धुवा आणि ओलंच कापड उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन दिवस लागतील. रंगीत साडी असेल तर फक्त डागाची जागा उघडी ठेवा, बाकी झाका.

बंडीच्या ओंगणाला, म्हणजे चाकाच्या आसाला लावायच्या काळ्या वंगणाच्या डागाला, आधी पाणी लावू नका. बोथट सुरीनं खरवडा, कोरड्यावरच भांड्याचं लिक्विड चोळा, पंधरा मिनिटांनी धुवा. गंजाला लिंबू-मीठ, तासभर ऊन, मग स्वच्छ पाणी.

बिब्ब्याचा डाग मात्र कशानंच जात नाही. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरायचे. त्याच्यावर पुडी घेऊ नका, डाग झाकेल असा बुट्टा त्यावर भरून घ्या.