क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीची डेव्हलपर टूल्स: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एका वाचनालयाच्या सभासद-नोंदणीचे संकेतस्थळ मी सांभाळते. त्यातील जावास्क्रिप्टचे (पानाला चालना देणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचे) एरर, म्हणजे चुका, शोधण्यासाठी गेले आठ महिने क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांची डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाचा कोड आणि त्यातील चुका पाहण्याची साधने, मी नियमितपणे वापरत आहे. त्याआधी माझे सारे काम क्रोमवरच चालत असे आणि तिथे पान नीट उघडले की मी निश्चिंत होत असे.

सुरुवातीला सर्वाधिक वेळ गेला तो एकाच चुकीची तीन रूपे ओळखण्यात. सभासदाचा पत्ता अजून आलेला नसताना कोडने त्यातील शहर मागितले, तर क्रोम ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’ (अनडिफाइन्ड म्हणजे ज्याला अजून मूल्यच नाही असे) असे म्हणून कंसात ‘शहर’ दाखवतो. सफारी ‘अनडिफाइन्ड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट’ असे सांगून कंसात ‘सभासद.पत्ता.शहर’ ही पूर्ण पदावली देतो. आणि फायरफॉक्स ‘सभासद.पत्ता’ हेच अनडिफाइन्ड आहे, असे नाव घेऊन सांगतो. एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात एररचा प्रकार, म्हणजे इथे टाइपएरर, ठरलेला आहे. संदेशाचे शब्द मात्र प्रत्येक ब्राउझरच्या इंजिनावर, म्हणजे कोड चालवणाऱ्या त्याच्या भागावर, सोडलेले आहेत. माझ्या मते या बाबतीत फायरफॉक्स सर्वांत उपयोगी आहे, कारण काय मागितले यापेक्षा रिकामे काय निघाले हे कळणे दुरुस्तीसाठी अधिक महत्त्वाचे असते.

ज्या प्रकरणाने मला सर्वाधिक शिकवले ते आयफोनचे. काही सभासदांची तक्रार होती की नोंदणीचे बटण दाबले तरी काहीच होत नाही. मी त्यांना त्याच फोनवर क्रोम वापरून पाहायला सांगितले, तरीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण भारतात मिळणाऱ्या आयफोनवरील क्रोमच्या आतही सफारीचेच वेबकिट इंजिन चालते. अखेर एक जुना आयफोन 7 केबलने मॅकला जोडला, फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारीच्या प्रगत पर्यायांतून वेब इन्स्पेक्टर सुरू केला, तेव्हा कन्सोलमध्ये (एरर दाखवणाऱ्या भागात) सिंटॅक्सएरर, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांची चूक, दिसला: ‘इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकूर शोधण्याचा नमुना आणि ग्रुप म्हणजे त्यातला कंसातला भाग. मी कोणत्याही ग्रुपला नाव दिलेच नव्हते, त्यामुळे हा संदेश मला बराच वेळ निरर्थक वाटत राहिला.

वर्गणीच्या मजकुरातून ₹ या चिन्हानंतरचे आकडे काढण्यासाठी मी लुकबिहाइंड (‘आधी अमुक चिन्ह असेल तरच जुळव’ ही अट) वापरले होते, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आरंभी (?<=₹) असे लिहिले होते. क्रोमला हे 2017 पासून आणि फायरफॉक्सला 2020 पासून समजते; सफारीत ते मार्च 2023 मध्ये, 16.4 या आवृत्तीत आले, आणि आयफोन 7 ला तर आयओएस 16 मिळालेच नाही. जुन्या इंजिनाला (?< ही तीन चिन्हे दिसली की पुढे ग्रुपचे नाव येणार अशी त्याची अपेक्षा असते आणि तिथे = सापडताच ते थांबते. त्याच्या दृष्टीने तो संदेश अगदी अचूक होता. शिवाय ही चूक फाइल वाचतानाच पकडली जात असल्याने त्या फाइलमधील एकही ओळ चालत नाही, आणि त्याच फाइलमधला ट्राय-कॅच (एरर पकडून पुढे जाण्याची रचना) इथे कामास येत नाही. म्हणूनच वर्गणीच्या कोडशी संबंध नसलेले बटणही निपचित पडले होते. लुकबिहाइंड काढून आकड्यांभोवती साधा कॅप्चर ग्रुप (जुळलेला भाग वेगळा काढून देणारा कंस) घातला आणि पान पुन्हा चालू लागले.

वापरकर्त्यांच्या फोनवरचे एरर नोंदवण्यासाठी मी विंडो-ऑनएरर (पानावर न पकडलेला एरर कळवणारी ब्राउझरची सोय) लावले, तेव्हा नोंदवहीत कित्येकदा फक्त ‘स्क्रिप्ट एरर’ एवढेच येई. फाइल नाही, ओळ नाही. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर ब्राउझर सुरक्षेसाठी तपशील लपवतो. त्यासाठी स्क्रिप्टच्या टॅगवर क्रॉसओरिजिन हा गुणधर्म लावावा लागतो आणि समोरच्या सर्व्हरने फाइलसोबत परवानगीचा हेडर (माहितीची ओळ) पाठवावा लागतो. हेडर नसताना नुसते क्रॉसओरिजिन लावले तर स्क्रिप्ट लोडच होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक एरर फक्त काही जणांना येई: ‘रिमूव्हचाइल्ड’ अयशस्वी, कारण काढायचा नोड (पानाचा घटक) त्या पालकाचा, म्हणजे त्याला वेढणाऱ्या घटकाचा, अपत्य नाही. ते सभासद आमचे मराठी पान क्रोमच्या भाषांतर सुविधेने इंग्रजीत वाचत होते. ती सुविधा मजकुराला फॉन्ट टॅगमध्ये गुंडाळते, आणि रिॲक्ट (पान रचणारी आमची जावास्क्रिप्ट लायब्ररी) मात्र जुना मजकूर जुन्याच जागी शोधत राहते. पानाचे भाषांतरच बंद करावे असा सल्ला मला मिळाला. तो मी मानला नाही, कारण मराठी लिपी वाचता न येणाऱ्या सभासदांना त्याची खरी गरज आहे. अटीनुसार दिसणारा प्रत्येक सुटा मजकूर स्पॅन या टॅगमध्ये ठेवला आणि तो एरर थांबला.

ब्रेकपॉइंट (कोड ठरलेल्या ओळीवर थांबवणे), सोर्स मॅप (आकुंचित कोडवरून मूळ ओळ शोधणे) आणि यूएसबीने जोडलेल्या अँड्रॉइड फोनची तपासणी यांसाठी आजही मी प्रथम क्रोम उघडते. संदेश कळेनासा झाला की तेच पान फायरफॉक्समध्ये पाहते. आयफोनवरील सफारीच्या तपासणीला मॅक लागतो, ही अडचण खरी आहे. माझ्याकडे तो नाही, म्हणून दर शनिवारी मैत्रिणीच्या मॅकवर नोंदणीचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा भरून पाहते.