गावी पाठवायचंय? स्पीडपोस्ट की कुरिअर

तुमचा व्यवहार पुणे-मुंबई, पुणे-नाशिक एवढाच असेल तर फार डोकं लावू नका. कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे टाका, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतं. पत्त्यात 'मु. पो.' आलं की मग खरा प्रश्न सुरू होतो.

आमचं घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत. आई तिथेच असते. औषधं, बँकेचे कागद, दुरुस्त केलेला चष्मा असं वर्षभर काही ना काही पाठवणं चालूच. पहिली चार वर्षं मी कुरिअरच वापरलं, आणि खोटं कशाला बोलू, आरामात होतो. माणूस घरी येऊन पाकीट न्यायचा, दुकान रात्री आठलाही उघडं. उलट माझ्या जवळच्या पोस्टात हाफ डे टाकून जावं तर 'सर्व्हर डाऊन'. राखीच्या आठवड्यात तर पुढच्या बाईंच्या हातात चाळीस पाकिटं, आणि खिडकी एकच.

तरी पक्ष बदलला, तो चष्म्यापायी. कुरिअरने पाठवला होता, पैसे घेताना वाडीचं नाव नीट लिहून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी आईला फोन: "पार्सल आलंय, येऊन घेऊन जा." कुठे? तालुक्याला! ज्या बाईला चष्म्याशिवाय एसटीची पाटी वाचता येत नाही, तिने एसटीने जाऊन चष्मा आणायचा. त्यावर ट्रॅकिंगमध्ये शेरा काय, तर 'पत्त्यावर कोणी आढळले नाही'. आई उंबरठा सोडून गेली असेल तर आंब्याच्या झाडापर्यंत. उशीर मी सोसला असता. पण हा शेरा डोक्यात गेला तो गेलाच. चौकशी केल्यावर कळलं की आमची वाडी त्यांच्या 'एरियाबाहेर' आहे. सगळ्याच कंपन्या असं करतात असं नाही म्हणत. मी तीन बदलून पाहिल्या, तिन्हींचं तेच.

पोस्टाला असा एरियाबाहेर नसतो. देशात एक लाख साठ हजारांहून जास्त पोस्टं आहेत, त्यातली सुमारे नव्वद टक्के खेड्यांत. 1854 मध्ये अंतर न मोजता वजनावर, अर्ध्या आण्यापासून पत्र नेण्याची पद्धत आली, तेव्हापासून लांबचं गाव म्हणजे नको असलेलं गिऱ्हाईक असा हिशेबच या खात्यात नाही. स्पीडपोस्टला अंतराचे टप्पे आहेत, पण माल तालुक्यात टेकवून फोन करायची रीत नाही. आमचे डाकसेवक 'खालच्या आळीतल्या काकू' एवढ्यावर घर ओळखतात. पिनकोड मात्र चुकवू नका. 1972 साली तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातलेच, संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं किती, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नोटीस, भाडेकरार असलं काही असेल तर फार विचार करू नका, पोस्टच. सरकारी पावतीला कोर्टात वजन असतं. जुनं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीडपोस्टात विलीन झालं. पाकीट ज्याच्या नावावर त्याच्याच हाती हवं असेल तर खिडकीवर तसं आधी सांगा. (1898 च्या कायद्याने पत्रं नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा होता, म्हणून कुरिअरवाले इतकी वर्षं पत्राला 'डॉक्युमेंट' म्हणत आले. नवा कायदा 2024 मध्ये लागू झाला आणि ती गंमत संपली.)

काचेचं, महागाचं काही असेल तर मात्र मी अजूनही कुरिअरकडे वळतो आणि शक्यतो शहराच्याच पत्त्यावर. पोस्टाच्या गोणीचा प्रवास लाडूंनाही मानवत नाही. बेसनाचे पाठवले, आईने चमच्याने खाल्ले. आता चकली-शंकरपाळी स्टीलच्या डब्यात, कडेने वर्तमानपत्र कोंबून. आणि शुक्रवारी टाकत नाही. मध्ये रविवार येतो, डबा कुठेतरी पडून राहतो. सोमवारी सकाळी टाकला तर गुरुवारपर्यंत आईचा फोन येतो.