जांभ्याच्या मैदानासाठी रबरी फुटबॉल: बाद फेरीआधी घ्यावा का?

जरूर घ्यावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेज संघांना सरावासाठी रबरी आवरणाचा, शिवलेला, ३२ तुकड्यांचा पाच नंबर चेंडूच परवडतो. गुळगुळीत पीयूचा, म्हणजे कृत्रिम चामड्याचा, चेंडू जांभ्यावर टिकत नाही. खडे शिवणीवर घासतात, दोरा उघडा पडतो आणि एक टाका सुटला की आतला ब्लॅडर (हवेची पिशवी) तिथून फुगा काढतो. मग चेंडू हवेत वेडावाकडा जातो, गोलकीपरचे हाल. रबराची शिवण खूप जास्त तग धरते.

खटकते ती उसळी. कडक जमिनीवर पहिलाच टच दोन हात लांब जातो. नियमात साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय (दाबाचे माप) हवा चालते. इथे नऊच्या आसपास ठेवा. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावूनच घाला, कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. घेताना दुकानातच वजन करा: ४१० ते ४५० ग्रॅम.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, खेळलात तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, शिवणीतली वाळू दोरा कापते. बाद फेरीच्या आदल्या आठवड्यात मात्र स्पर्धेत वापरणार तोच चेंडू सरावाला घ्या. हेडरचा अंदाज रबरी चेंडूवर बसत नाही.