सैन्यवाहू चिलखती गाडी : चाकांची की पट्ट्यांची?

जळगाव–धुळे महामार्गावर आठ चाकांची चिलखती गाडी स्वतःच्या बळावर शेकडो किलोमीटर धावू शकते. इंधन कमी लागते, आवाज कमी होतो आणि एखादे टायर फुटले तरी ती पुढे सरकत राहते. रणगाड्यासारख्या, चाकांभोवती फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीचे तसे नाही. लांबच्या प्रवासात पट्ट्यांच्या कड्या, पिना आणि रबरी गाद्या झिजतात, म्हणून तिला शक्यतो रेल्वेने किंवा ट्रेलरवरून न्यावे लागते.

मात्र श्रावणातल्या तापीकाठच्या काळ्या रानात हिशेब उलटतो. तिथे ट्रॅक्टरही धुऱ्यावर उभा ठेवावा लागतो, हे कपाशीवाल्याला सांगायला नको. पट्टा वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, त्यामुळे जमिनीवरचा दाब घटतो. शिवाय गाडी जागच्या जागी वळते आणि रुंद चर ओलांडते. सुमारे १४ टनांची, ७ सैनिक वाहणारी भारतीय लष्कराची चिलखती गाडी बीएमपी-२ म्हणजेच ‘सारथ’ याच जातीची आणि ती पाण्यातूनही तरत जाते.

रस्ते असलेल्या मुलखात गस्तीसाठी मी चाकेच निवडीन. रणगाड्यांच्या बरोबरीने रान तुडवायचे असेल, तर खर्च सोसूनही पट्टेच हवेत.